शून्य प्रदेश आणि शून्यता : मारखा खोऱ्यातील एका पदभ्रमणाचे परीक्षण

ग्रंथांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्या नियतकालिकांत चांगलीच रुजलेली आहे. पदभ्रमणाच्या सहलीचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक पाहता अशी सहल ही एक रचनाच असते. तिला आरंभ, चढ, परमोच्च बिंदू आणि समारोप असतो. तिची संहिता म्हणजे छापील कार्यक्रमपत्रिका आणि तिचा निरूपणकार म्हणजे सोबत चालणारा वाटाड्या. लडाख १९७४ साली पर्यटकांना खुले झाले. तेव्हापासून हिमालयीन बौद्ध संस्कृतीची पहिली ओळख अनेकांना या संहितेतूनच होत आली आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटांतही असे पुष्कळ जण असतात, की ज्यांनी नागार्जुनाचे नावही ऐकलेले नसते. पण 'बौद्ध शांतता' म्हणजे काय, हे आपल्याला लडाखमध्ये उमगले असे ते खात्रीने सांगतात. ज्या संहितेचा प्रभाव एवढा आहे, तिच्याविषयी बौद्ध अभ्यासाने मौन बाळगणे योग्य नव्हे.

आम्ही ज्या सहलीत होतो तिच्या आयोजकांचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. या मार्गाची अनेक माहितीपत्रके आम्ही पाहिली. त्यांची भाषा एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही. मार्ग परिचितच आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे दोन दिवस विसावा, मग जिंगचेन, रुंबक, युरुत्से, सुमारे ४,९०० मीटर उंचीची गांडा ला खिंड, तेथून उतरून स्किउ, मारखा, हांकर, पुढे निमालिंगचे पठार, आणि शेवटी सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदो. वाटेवर कांग यात्से हे ६,४०० मीटरचे शिखर अखेरचे दोन-तीन दिवस डोळ्यांसमोर असते. चालण्याचे एकूण आठ दिवस, आणि नववा दिवस 'राखीव'.

प्रथम या रचनेचे गुण सांगितले पाहिजेत. उत्तम वाटाड्या असलेली सहल शरीराला घाई करू देत नाही. कोंगमारू लाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तेथे उत्साह उपयोगी पडत नाही. रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज थोडी थोडी वाढविणे, भरपूर पाणी पिणे, आणि डोके दुखू लागले तर ते न लपविणे एवढेच कामाला येते. आमच्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी सांगितले, की जो सर्वांच्या पुढे जाईल त्याला मी सर्वांत मागे ठेवीन. आणि त्याने ते खरेही केले. 'सावकाश' हा शब्द शहरी मनुष्याला आठ दिवस सतत ऐकावा लागतो, हे या सहलीचे मोठेच देणे होय.

आक्षेप आहे तो संहितेला. तिच्यात एक शब्द पुन:पुन्हा येतो: 'शून्य'. शून्य प्रदेश, निर्मनुष्य वाळवंट, अथांग रितेपण. आणि या रितेपणातून थेट बौद्ध 'शून्यते'कडे उडी. आधी भूमी ओसाड ठरवावयाची, मग ओसाडपणाला ध्यानाचे नाव द्यावयाचे, आणि मग या ध्यानाचे श्रेय बुद्धाला द्यावयाचे, असा हा तीन पायऱ्यांचा जिना आहे. त्याची एकही पायरी टिकणारी नाही.

प्रदेश शुष्क आहे, यात वाद नाही. लेहला वर्षभरात सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पर्जन्य होते. परंतु शुष्क म्हणजे रिक्त नव्हे. स्किउपासून हांकरपर्यंत नदीच्या काठाने जवाची व वाटाण्याची शेते आहेत, विलो आणि पॉप्लरची झाडे आहेत. आणि यांतील एकही पान केवळ पावसावर वाढलेले नाही. वरच्या हिमाचे वितळलेले पाणी 'युरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाटांनी गावापर्यंत आणले जाते, 'झिंग' नावाच्या तळ्यांत रात्री साठविले जाते, आणि कोणाच्या शेतात ते केव्हा जावे हे ठरविण्यासाठी अनेक गावांत 'चुरपोन' नेमलेला असतो. पाण्याची ही पाळी चुकली तर पीक गेले. पत्रकात ज्या हिरव्या पट्ट्याचे वर्णन 'वाळवंटातील चमत्कार' असे केले आहे, तो पट्टा पिढ्यान्‌पिढ्यांच्या करारांचा परिणाम आहे.

आणि नेमके येथेच पत्रकाने वापरलेला शब्द त्याच्यावरच उलटतो. आचार्य नागार्जुनांनी शून्यतेचा अर्थ 'काहीही नसणे' असा कधीच केला नाही. जे प्रतीत्यसमुत्पन्न आहे, म्हणजे इतर कारणांच्या आधाराने उभे आहे, तेच शून्य, असे त्यांचे प्रतिपादन आहे. स्वत:च्या बळावर स्वतंत्रपणे उभी अशी वस्तू नाही, हा त्याचा आशय. या अर्थाने मारखा खोऱ्यात शून्यता पाहावयाची असेल तर नजर ओसाड डोंगरावर नव्हे, तर जवाच्या शेतावर ठेवली पाहिजे. ते शेत हिमावर, पाटावर, चुरपोनच्या शब्दावर, शेजाऱ्याच्या संयमावर अवलंबून आहे. आमच्या गटातील मंडळी कड्यापुढे डोळे मिटून बसत आणि शेताचे छायाचित्र घेऊन पुढे जात. याचा दोष त्यांना देता येत नाही. संहितेने त्यांना तसेच शिकविले होते.

हे वळण कोठून आले, याचा थोडा शोध घेतला पाहिजे. पीटर मॅथिसेन या अमेरिकन लेखकाने १९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्यासह नेपाळातील डोल्पो प्रदेशात पायी प्रवास केला आणि १९७८ साली 'द स्नो लेपर्ड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंच कोरडा प्रदेश, पत्नीच्या मृत्यूचे दु:ख, झेन साधना आणि अखेरपर्यंत दर्शन न देणारा हिमबिबट्या, यांची सांगड या ग्रंथाने अशी घातली की पुढील काळातील बहुतेक सर्व पदभ्रमणपत्रके त्याचीच पुसट प्रत वाटतात. आम्हाला या ग्रंथातील आत्मनिरीक्षण काही ठिकाणी अतिरिक्त वाटते. तथापि मॅथिसेन यांच्या पानांवर हमाल आणि शेर्पा नावानिशी येतात. तुकतेन हा त्यांच्यातील सर्वांत संशयास्पद मानला गेलेला मनुष्य लेखकाला हळूहळू गुरूसारखा भासू लागतो. अनुकरण करणाऱ्यांनी मौन घेतले, बिबट्या घेतला. तुकतेन तेवढा वगळला.

आमच्या पत्रकातही त्याला जागा नव्हती. 'सामान घोड्यांवरून जाईल' असे एक वाक्य आहे. घोडे कोण हाकील, याविषयी शब्द नाही. 'गरम भोजन मिळेल' असे आहे. कोण शिजवील, ते नाही. आता विनयाचा अभ्यास करणाऱ्या वाचकांस चार प्रत्यय ठाऊकच आहेत: चीवर, पिंडपात, सेनासन आणि गिलानपच्चय, म्हणजे वस्त्र, अन्न, निवारा आणि औषध. या सहलीत प्रवाशाला हे चारही प्रत्यय दुसऱ्याच्या हातून मिळतात: भाड्याचा पिसांचा कोट, तयार ताट, उभारलेला तंबू आणि डायमॉक्सची गोळी. आठ दिवस तो, नकळत, भिक्खूसारखाच परावलंबी असतो. फरक एवढाच, की भिक्खूला प्रत्येक प्रत्ययाचे पच्चवेक्खण करावे लागते. हे वस्त्र थंडी-वाऱ्यापासून रक्षणासाठी आहे, हे अन्न चैनीसाठी नव्हे तर देह टिकविण्यासाठी आहे, असे त्याने वापरण्यापूर्वी मनात आणले पाहिजे. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त या पच्चयसन्निस्सित शीलाला चार पारिशुद्धि-शीलांत स्थान दिले आहे. खोऱ्यात एखादे बौद्ध साधन सहलीबरोबर सहज जोडता येण्यासारखे असेल तर ते हेच. आणि त्याला कड्याची गरज नाही, ताटाची आहे.

निमालिंगला, सुमारे ४,८०० मीटरवर, पहाटे पाणी गोठलेले असताना स्वयंपाकाच्या तंबूतील पोरगा ओढ्यावर बर्फ फोडून भांडी भरत होता. तो नेपाळचा होता. घोडेवाले रात्री घोडे चरावयास सोडतात आणि उजाडण्यापूर्वी ते शोधीत दोन-दोन तास हिंडतात. आमच्या गटाला यातले काही पाहावयास मिळाले ते दोघी बहिणी पोट बिघडल्यामुळे लवकर उठल्या म्हणून. कार्यक्रमात ते नव्हते. त्या दिवसापासून दोघी भांडी घासावयास जाऊन बसत. गटातील इतरांना हे जरा चमत्कारिक वाटले.

येथे विनयातील आणखी एका गोष्टीची आठवण होते. वर्षावासाचा नियम का झाला? पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू हिरवे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवितात, अशी लोकांची तक्रार होती. पायाचा जमिनीवर होणारा परिणाम हा तथागतांच्या संघात शिस्तीचा विषय होता. लडाखमधील पदभ्रमणाचा हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे बहुतांशी वर्षावासाचाच काळ. निमालिंग हे गावांच्या मेंढ्यांचे, याकांचे उन्हाळी कुरण आहे, आणि सहलींचे घोडे त्याच गवतावर चरतात. लेहजवळच्या स्टोक कांग्री शिखरावरील चढाई २०२० साली बंद झाली ती स्टोकच्या गावकऱ्यांच्या पुढाकाराने, कारण गावाचे पाणी ज्या हिमनदीवर अवलंबून तिचाच तळ गर्दीने मलिन होत होता. याउलट रुंबक परिसरात २००२ च्या सुमारास सुरू झालेली घरगुती निवासाची पद्धत पाहावी. बिबट्याने मेंढ्या मारल्या की गावकरी बिबट्याला मारीत. पाहुण्यांच्या उत्पन्नाने त्या नुकसानीचा भार हलका झाला. अशा घरी चुलीजवळ बसून सातूचे पीठ आणि लोणी घातलेला चहा घेणारा प्रवासी तंबूतल्या प्रवाशापेक्षा अधिक शिकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निरूपणाविषयी थोडे. मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून चालावे हे सर्वांना सांगितले जाते, पाळलेही जाते. खिंडीच्या माथ्यावर 'की की सो सो ल्हा ग्यालो' असा घोष करावयास लावतात आणि ही 'बुद्धाची प्रार्थना' आहे असे सांगतात. ती तशी नाही. तो 'ल्हा' म्हणजे देवतांचा जयघोष आहे आणि त्यात बौद्धपूर्व श्रद्धेचा थर उघड दिसतो. हे सांगितल्याने घोषाची गोडी कमी होत नाही. परतीच्या वाटेवरील हेमिस गोंपात मात्र जे ऐकावे लागले ते अक्षम्य होय: येशू ख्रिस्त येथे राहून गेला ही कथा. निकोलस नोटोविच याने १८९४ साली ती पुस्तकरूपाने पसरविली, मॅक्स म्युल्लर यांनी लगेच तिचा परामर्श घेतला, आणि १८९५ साली आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले तेव्हा तेथील प्रमुख लामांनी ती साफ नाकारली. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी ती सांगितली जाते, कारण प्रवाशांना ती आवडते.

सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. पत्रक लडाखला 'निर्भेळ बौद्ध भूमी' म्हणते. २०११ च्या जनगणनेत तेव्हाचे लेह व कारगिल हे दोन्ही जिल्हे मिळून मुस्लिम लोकसंख्या बौद्धांहून अधिक होती, हे एक. दुसरे असे की, ही भूमी भेदरहितही नाही. सहलीच्या समारोपाला लेहमध्ये 'लोकसंगीत' ऐकविले गेले: दमन हा नगारा आणि सुरना ही सनई. ही वाद्ये परंपरेने वाजवितात ते मोन लोक. मोन, भटके वादक बेडा आणि लोहारकाम करणारे गारा यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार टाळण्याची रीत लडाखी समाजात होती आणि ती पुरती गेलेली नाही, याची नोंद समाजशास्त्रीय अभ्यासांत आहे. 'डल' म्हणजे बैठकीची ओळ. तीत त्यांची जागा सर्वांत शेवटी. १९८९ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने लडाखमधील ज्या समूहांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, त्यांत बोट या बहुसंख्य बौद्ध समूहाबरोबर मोन, बेडा आणि गारा यांचीही स्वतंत्र नावे आहेत. कायद्याच्या कागदावर जे नाव आहे ते सहलीच्या कागदावर नसावे, आणि तेही त्यांचेच वादन ऐकवीत असताना! महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाला तरी हा प्रश्न सुचावयास हवा होता.

धर्मानंद कोसंबी १९०२ साली काशीहून नेपाळास गेले ते तेथे बुद्धाचा धम्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने. त्यांची निराशा झाली. त्या निराशेवर त्यांनी रम्य वर्णनाचा पडदा टाकला नाही. ते बुद्धगयेस आणि पुढे सिंहलद्वीपास शिकावयास गेले. 'विसुद्धिमग्गा'चे संपादन ज्यांच्या हातून पुढे झाले ते हेच कोसंबी. त्यांच्याजवळ कार्यक्रमपत्रिका नव्हती, हे त्यांचे भाग्य म्हणावे काय, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

मोटाररस्ता आता मारखा खोऱ्यात शिरला आहे आणि या सहलीचे दिवस कमी होत जाणार. खोऱ्यातील आजारी मनुष्याला लेहच्या रुग्णालयात लवकर पोहोचता येत असेल तर पदभ्रमण करणाऱ्यांनी त्याबद्दल हळहळू नये. पत्रके मात्र नव्याने छापावी लागतील, तेव्हा एक सूचना करावीशी वाटते. 'राखीव' दिवस शेवटी ठेवलेला असतो आणि हवामानाने साथ दिली की तो लेहच्या बाजारात खर्च होतो. तो हांकर गावी ठेवावा. आमच्या वाटाड्याचे आजोळ तेथून जवळच होते. पाट कोठे फुटतो आणि पाळी कशी लागते, हे तो चालता चालता दहा मिनिटांत सांगून गेला, कारण निमालिंगला अंधारापूर्वी पोहोचावयाचे होते.