जागा बदललेला दगड

कॉप्टिक शिल्प म्हटलं की संग्रहालयात आपल्याला बहुधा चुनखडीच्या दगडाचा तुकडा भेटतो. कोनाड्यावरच्या कमानीचा एखादा भाग, त्यावर वेलबुट्टी, कधी ग्रीक पुराणातली देवताही. 'कॉप्ट' याचा मुळातला अर्थ नुसता 'इजिप्तचा माणूस' एवढाच. पण पाटी वाचली की आपण त्या दगडात ख्रिस्ती धर्म शोधू लागतो. भिंत गेली, थडगं गेलं, उरली ती पाटी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २००९ मध्ये आपल्याच संग्रहातली अशी खरी आणि बनावट शिल्पं शेजारी शेजारी मांडून दाखवली. धैर्य मोठं, यात शंका नाही. पण बनावट खपली कशी? भिंत हरवलेल्या तुकड्याला 'तू कुठे उभा होतास?' असं विचारायची सोयच नसते.

आता इथे वांद्र्यात या. सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात १७ फूट उंच, एकाच दगडातला क्रूस उभा आहे. तो मूळचा जेझुइटांच्या सेंट अ‍ॅन विद्यालयातला. ते १६१० च्या सुमाराचं. १७३९ मध्ये, मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत, ते नष्ट झालं आणि क्रूस पुढे इथे आला. म्हणजे हाही तुकडाच, बरं का! फक्त याला पत्ता आहे, आणि नमस्कार करणारी माणसं आहेत.

शिल्प म्हणून तो कसा आहे, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. क्रूसाची ताकद दोन रेषांच्या छेदात असते. इथे वरपासून खालपर्यंत येशूच्या यातनांची चिन्हं कोरलेली आहेत. दाटी झाली, रेषा झाकोळली, असा आक्षेप घेता येतो आणि आम्ही तो घेतो. पण हा आक्षेप लांबून पाहणाऱ्याचा. हात जोडून जवळ उभा राहणारा एकेक चिन्ह वाचत जातो. लांबून क्रूस, जवळून पोथी. काचेआड ठेवला तर आपल्याला फक्त दाटीच दिसेल.

बोरिवलीच्या मंडपेश्वरला याच्या उलट आहे. तिथे शैव शिल्पपटावरच क्रूस खोदलेला आहे, आणि भिंत जागेवर असल्यामुळे दोन धर्मांतलं भांडणही जागेवर आहे. पाटीची गरजच पडत नाही.

मग वांद्र्याचा क्रूस पावसापासून, खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला संग्रहालयात न्यावा का? आमचं उत्तर 'नाही'. पण 'नाही' म्हणून हात झटकायचे, हेही चालणार नाही. दगडाच्या कडा झिजतातच. कोणतं चिन्ह कोणाशेजारी, वर काय, खाली काय, याची चारी बाजूंनी मोजमापासकट नोंद आत्ताच व्हायला हवी, आणि ती चर्चच्या दप्तरात सर्वांना पाहता यावी. वरची चिन्हं खालून नीट वाचता येत नाहीत. त्यासाठी शिडी लावावी लागेल.