लोकप्रिय कादंबरी आणि ग्रंथपाल

मद्रासच्या मैलापूर भागात न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाचे एक ग्रंथालय आहे. व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले. कादंबरीवाचन म्हणजे कालापव्यय, ही शंका त्या काळच्या सुशिक्षितांत तिकडेही होती आणि महाराष्ट्रातही. ती मोडून काढली नियतकालिकांनी. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने हे कार्य 1890 पासून केले. तमिळमध्ये कल्की कृष्णमूर्ती यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ 1950 ते 1954 या काळात ‘कल्की’ साप्ताहिकातून क्रमशः आली, आणि वाचकांनी अंकांतील प्रकरणे काढून घरीच त्यांचे खंड बांधून घेतले. अशा लेखकाची शिफारस ग्रंथपालाने आणखी काय करावी?

डॉ. एस. आर. रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांचे पाच नियम 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतील तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो. मुक्तद्वार पद्धती, फळ्यांवरील मांडणी, तालिकेतील नोंदी, संदर्भसेवा, प्रसिद्धी ही सारी या नियमाची साधने होत. परंतु कल्कींना वाचक होताच. नियमाचा कस लागतो तो के. ए. नीलकंठ शास्त्री यांच्या चोळांच्या इतिहासासारख्या ग्रंथाच्या बाबतीत. कल्कींनी ज्या संशोधनाचा आधार घेतला त्यात हा इतिहास प्रमुख होता. तथापि वर्गीकरणाच्या शिस्तीने कादंबरी साहित्यात जाते, इतिहास इतिहासात, आणि एकाच राजराजाची दोन पुस्तके दोन कपाटांत परस्परांना अनोळखी राहतात. (शिस्तीचा हा दोष खुद्द रंगनाथनांच्या पद्धतीतही आहे, हे गमतीचेच.) मणिरत्नम यांचे चित्रपट 2022 व 2023 साली आले, त्या निमित्ताने कादंबरीच तेवढी दर्शनी मांडून ग्रंथालयाने साधायचे ते काय? पहिला खंड बाहेर गेला म्हणून रिकाम्या हाती परतणारा वाचक हाच खरा सुयोग. त्याच्या हाती शास्त्री द्यावेत, निदान त्यांच्यावर आधारलेले एखादे सुबोध तमिळ पुस्तक द्यावे.

मद्रासेतच 1955 साली सुरू झालेल्या ईश्वरी वाचनालयासारख्या, भाड्याने पुस्तके देणाऱ्या संस्थांना वाचकाची ही पारख पोटासाठीच करावी लागते. 1948 च्या मद्रास कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना घरपट्टीवरील कराचा आधार दिला; महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्याने तोही दिला नाही. मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या शेजारी दुसरे कोणते पुस्तक ठेवावे, हे ठरविण्यास कोणत्याही कराची आवश्यकता नव्हती.