मालिकांतील घरे आणि त्यांचा हिशेब

मराठी दूरचित्रवाणी मालिकांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत पात्रांच्या घरांविषयीचा आक्षेप सर्वांत जुना, आणि थट्टेवारी गेल्यामुळे सर्वांत दुर्लक्षित आहे. एका पगारावर एवढा दिवाणखाना यांना परवडतो कसा, असे प्रेक्षक हसत विचारतो आणि पुढचा भाग पाहू लागतो. वस्तुतः हा प्रश्न कथेतील संभाव्यतेचा आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यासारख्या ठिकाणी, जेथे घर उभे करणे हे अनेक कुटुंबांचे आयुष्यातील सर्वांत मोठे आर्थिक साहस असते, तेथील प्रेक्षक ध्यानात घेता या प्रश्नाचे गांभीर्य अधिकच वाढते.

प्रथम हिशेबच मांडून पाहावा. मुंबईत एक हजार चौरस फुटांचे घर चौरस फुटाला २०,००० रुपये या दराने घेतले, असे उदाहरणादाखल धरू. किंमत २ कोटी रुपये होते. ७५ लाखांहून मोठ्या गृहकर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. म्हणजे ५० लाख रुपये पदरचे हवेत. शिवाय मुद्रांक शुल्काचे सहा टक्क्यांनी १२ लाख वेगळे. उरलेल्या दीड कोटीचा साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १,३०,००० रुपये पडतो. निम्मे उत्पन्न हप्त्यात जाते असे मानले, तरी मासिक प्राप्ती २,६०,००० रुपयांची असावयास हवी. मालिकेतील नायक कचेरीत नेमके काय काम करतो हेच जेथे अनेकदा कळत नाही, तेथे ही प्राप्ती कोठून आली हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

परंतु केवळ या गणितावरून मालिकांना दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. परवडण्याचे मार्ग खरेदीपलीकडेही असतात. ‘फ्रेंड्स’ (१९९४-२००४) या अमेरिकन मालिकेत न्यूयॉर्कमधील प्रशस्त घराचा खुलासा नियंत्रित भाड्याच्या आजीच्या जागेचा आधार घेऊन केला होता. मुंबईच्या वाचकाला हा खुलासा परका वाटू नये. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने शहरातील असंख्य जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. त्या जागेवर आलेल्या १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम ठेवले. त्यामुळे गिरगावातील एखादा कारकून आजच्या बाजारभावाने स्वप्नातही न परवडणाऱ्या वस्तीत राहू शकतो, हे वास्तव आहे. वारसा, पागडी, कंपनीची जागा, भावाभावांतील न झालेली वाटणी यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे. मात्र ते कथेत असावयास हवे.

पूर्वीच्या मराठी विनोदी साहित्यात व चित्रपटांत ते होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) जागेची टंचाई हाच समूहजीवनाचा पाया आहे. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटात नवविवाहितांना भरल्या घरात एकांत मिळत नाही, एवढ्याच गोष्टीवर सारे कथानक उभे आहे. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) पुण्यात राहण्यास जागा नाही, म्हणून दोघा तरुणांना स्त्रीवेष घ्यावा लागतो. घरभाडे हे येथे पार्श्वभूमी नसून कथानकाचे प्रेरक बळ आहे. यांतील घटना कितीही अतिशयोक्त असल्या, तरी त्यांच्या मुळाशी असलेली अडचण प्रेक्षकाने स्वतः भोगलेली असते. अ‍ॅरिस्टॉटलने संभाव्य वाटणारे अशक्य हे न पटणाऱ्या शक्याहून श्रेयस्कर मानले, त्याचा प्रत्यय या ठिकाणी येतो.

दैनंदिन मालिकांनी हे बळ गमावले, त्याची कारणे निर्मितीच्या पद्धतीत शोधावी लागतात. रोज एक भाग सिद्ध करावयाचा, म्हणजे एकच नेपथ्य महिनोन्‌महिने वापरणे आले. एका प्रसंगात आठ-दहा पात्रे उभी राहावीत, प्रत्येकाच्या मुद्रेवर कॅमेरा फिरावा, जिन्यावरून कोणी अवचित उतरावे, यासाठी दिवाणखाना रुंदच लागतो. अर्थात मालिकेतील घर पात्राच्या मिळकतीने नव्हे, तर चित्रीकरणाच्या सोयीने मोजलेले असते. ही सोय क्षम्य आहे. अक्षम्य आहे ते तिच्याकडे कथेने डोळेझाक करणे. नोकरी सुटते, धंदा बुडतो, घटस्फोट होतो. पण हप्ता चुकला असे क्वचितच घडते आणि भिंतीचा रंगही उडत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६-२०२१) या मालिकेत राधिकेच्या संपत्तीला मसाल्याच्या व्यवसायाचा उगम तरी दिला होता; आक्षेप राहतो तो घरगुती उद्योग शेकडो कोटींवर पोचण्याच्या वेगाविषयी.

याला सन्माननीय अपवाद आहेत. ‘अग्निहोत्र’मध्ये (२००८) नाशिकचा वाडा हा विखुरलेल्या कुटुंबाच्या स्मृतीचे केंद्र आहे. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये (२०१६) अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर जमलेल्या कुटुंबात मालमत्तेचा प्रश्न डोके वर काढतो. ही दोन्ही घरे मोठी आहेत, तरीही ती कोणास खटकत नाहीत. कारण कोणी बांधले, कोणाचा हक्क, कोण सोडून गेला, या प्रश्नांतूनच त्यांची कथा वाढते. यावरून निष्कर्ष असा निघतो की घर मोठे असणे हा दोष नव्हे; घराला पूर्वेतिहास नसणे हा दोष होय. क्षेमेंद्राने काव्याचे जीवित मानलेले औचित्य हे याहून फार निराळे नाही.

आता पेठच्या प्रेक्षकाकडे वळावे. हा तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची वस्ती, डोंगरउतारावरची भात-नागली-वरईची शेती, आणि पीक निघाल्यावर द्राक्षबागांच्या व नाशिकच्या बांधकामांच्या दिशेने मजुरीसाठी होणारे स्थलांतर, हे येथील जीवनाचे स्वरूप आहे. कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा लेप आणि वर कौले, हे येथील परंपरागत घर. पक्क्या घरासाठी प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ मध्ये आली, तेव्हा सपाट प्रदेशासाठी १,२०,००० आणि डोंगराळ प्रदेशासाठी १,३०,००० रुपये साहाय्य ठरले व घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. ही रक्कमही एकदम मिळत नाही. काम कोठवर आले ते पाहून हप्ते सुटतात, आणि हप्ता लांबला की भिंती अर्ध्यावर थांबतात. पंचवीस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. मालिकेतील दिवाणखान्याच्या एका कोपऱ्याएवढी ही जागा होय.

अशा घरात बसून मालिका पाहणाऱ्याला वैभव दाखवू नये, असा याचा अर्थ नव्हे. राजवाड्यांच्या कथा झोपडीत नेहमीच आवडीने ऐकल्या गेल्या आहेत. पण त्या कथेतील राजा स्वतःस सामान्य माणूस म्हणवीत नाही. मालिका मात्र आपल्या पात्रांना ‘तुमच्याआमच्यासारखे’ म्हणते आणि त्यांना न कमावलेल्या घरात वसवते. त्यामुळे सामान्यपणाची मोजपट्टीच सरकते, आणि द्राक्षबागेतल्या मजुरीतून ज्याने एकेक पत्रा जोडला त्याचे घर सामान्यांच्याही खालचे ठरते. हा अन्याय सौंदर्यदृष्टीचा तसाच सामाजिकही आहे. त्याशिवाय कलेचे नुकसान होते ते निराळेच. कारण विटेमागे विट चढवताना माणसाच्या मनात जी ओढाताण चालते, तिच्याएवढे नाट्य रुंद जिन्यावरून उतरणाऱ्या कोणत्याही पात्राच्या वाट्याला सहसा येत नाही.