हेडफोन लावून काय वाजवता?

तुमच्या घरात, नाहीतर शेजाऱ्यांकडे, दिवाणाखाली किंवा कपाटाच्या डोक्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा कॅसिओ असेलच. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. माझं पीएचडीचं काम सध्या या वस्तूभोवती फिरतंय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतले हौशी पियानो-कीबोर्डवाले रोजच्या धबडग्यात केव्हा, कसं आणि काय वाजवतात, आणि त्यांच्या आवडी एकमेकांशी कुठे जुळतात, हा माझा विषय. "यात संशोधन करण्यासारखं काय आहे?" असं मला घरच्यांनीसुद्धा विचारून झालंय. आज त्याचं उत्तर दोन गाजलेल्या पुस्तकांशी थोडं भांडून द्यायचा प्रयत्न करते.

पहिलं पुस्तक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांचं 'डिस्टिंक्शन'. मूळ फ्रेंच १९७९चं. थोडक्यात म्हणणं असं, की आपली आवड आपल्याला वाटते तितकी खासगी नसते. तुम्ही कुठल्या वर्गात वाढलात, किती शिकलात, यावरून तुम्हाला काय आवडेल ते बरंचसं ठरतं. त्यासाठी त्यांनी १९६०च्या दशकात लोकांना संगीताच्या तुकड्यांची यादी दाखवून त्यातले आवडते निवडायला सांगितलं होतं. बाखचं 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर' निवडणारे एका टोकाला, 'ब्लू डॅन्यूब' निवडणारे दुसऱ्या टोकाला, 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'वाले मधे कुठेतरी. समाजशास्त्र शिकणारा प्रत्येक जण या पुस्तकाच्या प्रेमात एकदा तरी पडतो. मीही पडले. आणि त्याच नादात माझी पहिली प्रश्नावली तयार केली. प्रश्न क्रमांक एक: तुमचा सगळ्यात आवडता तुकडा कोणता?

उत्तरं अगदी छान आली. बीथोव्हेन, मोझार्ट, ए. आर. रहमान, इलयराजा. तक्ते भरले. मग एका संध्याकाळी मुलुंडला एका काकूंकडे गेले होते. त्यांनीही बीथोव्हेनचं 'फ्युर एलिझे' सांगितलं. मी लिहून घेतलं, चहा झाला, पिशवी आवरली. निघता निघता कीबोर्डवर ठेवलेल्या हेडफोनकडे लक्ष गेलं म्हणून सहज विचारलं, "हेडफोन लावून काय वाजवता?" काकू हसल्या. म्हणाल्या, "ते होय? ते काय, आपलं असंच." खूप आग्रह केल्यावर कळलं की रात्री जेवणं उरकून, ओटा आवरून झाला की त्या अरुण दात्यांनी गायलेली भावगीतं वाजवतात. कित्येक वर्षं. "पण ते तुमच्या फॉर्ममध्ये नको लिहू हं, ते काही खरं पियानो वाजवणं नाही."

घरी येताना लोकलमध्ये मला जे सुचलं ते तुम्हाला आत्ताच सुचलं असेल. माझ्या प्रश्नाला लोक त्यांची आवड सांगत नव्हते, परीक्षेचं उत्तर देत होते. म्हणून मग मी आधी भेटलेल्या लोकांकडे पुन्हा गेले आणि दुसराच प्रश्न विचारायला लागले. तेव्हा दिसलं की बहुतेकांकडे एक सोडून तीन-तीन खाती आहेत. एक परीक्षेचं: ट्रिनिटीच्या ग्रेडसाठी बसवलेले तुकडे. दुसरं घरचं: वाढदिवस, गणपतीतली आरती, पाहुण्यांसमोर 'वाजव ना जरा'. तिसरं एकट्याचं, हेडफोनमधलं. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत हे तिसरं खातं कुणाचं जुन्या हिंदी गाण्यांचं निघालं, तर घाटकोपरमध्ये चर्चशी काडीचा संबंध नसलेले एक गृहस्थ निवांत ख्रिसमस कॅरोल वाजवत बसलेले सापडले. वर्ग आणि समाज पहिल्या दोन खात्यांत ठळक दिसतो. तिसऱ्यात तो इतका सरळ दिसत नाही. बूर्द्यूंचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. उलट काकूंनी भावगीत लपवावं यातच ते किती खरं आहे ते कळतं. पण आवडता तुकडा निवडायला सांगितलं की माणूस लोकांसमोर दाखवायची आवड निवडतो. लपवलेली आवड त्या यादीत येतच नाही.

दुसरं पुस्तक मला जास्त जवळचं. रूथ फिनेगन यांचं 'द हिडन म्युझिशियन्स', १९८९चं. या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लांबच्या बेटावर जाण्याऐवजी स्वतःच्याच गावातल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या शहरातल्या, हौशी वादक-गायकांचा अभ्यास केला. चर्चचे गायकवृंद, ब्रास बँड, लोकसंगीताचे क्लब, रॉक बँड, सगळे एका मापाने मोजले. त्यांनी सिद्ध केलेल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. हौशी आणि व्यावसायिक यांच्यात भिंत नसते, उतार असतो. आणि माणूस कुठल्या संगीताकडे वळतो यात वर्गापेक्षा घरातल्या कुणाचा तरी हात जास्त असतो. ठरलेल्या वाटा असतात, लोक त्या पायाखाली घालतात आणि त्या वाटेवरच त्यांचं शहर तयार होतं.

वाचताना फार धीर येतो. पण उपनगरातून वाचलं की एक गोष्ट खटकते. फिनेगन यांच्या वाटा बहुतेक सगळ्या घराबाहेर जातात, सभागृहात, शाळेत, पबमध्ये, तालमीला. त्यासाठी संध्याकाळ लागते. आपल्याकडे संध्याकाळ लोकलमध्ये जाते. २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा पूर्व-पश्चिम प्रवास सोपा झाला हे खरं, पण घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजायचे ते वाजतातच. मग वन बीएचकेमध्ये एकीकडे टीव्ही, एकीकडे बारावीचा अभ्यास, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ. अशा घरात अपराइट पियानो लिफ्टमध्येच मावत नाही, मावला तरी पावसाळ्यातल्या दमट हवेत सुरात राहत नाही. हिंदी सिनेमाने आपल्याला पियानो दाखवला तो 'अंदाज'मधला (१९४९) किंवा 'संगम'मधला (१९६४): भलामोठा दिवाणखाना, जमलेली मंडळी, आणि मधोमध मनातलं दुःख सुरांत मांडणारा नायक. उपनगरातल्या वादकाकडे तो दिवाणखाना नाही. त्याच्याकडे एकसष्ट पट्ट्या आणि हेडफोन आहेत.

आता आवडी जुळतात कुठे, या मूळ प्रश्नाकडे येते. माझं उत्तर असं, की गाण्याच्या नावात शोधलं तर त्या फारशा जुळत नाहीत. पण जे तुकडे या घरांत टिकतात, त्यांचे गुण जुळतात. ते लहान असतात. मधेच थांबवता येतात, कारण कुकरची शिट्टी थांबत नाही. आणि कुणाच्या तरी गळ्याला लावून घेता येतात. 'फ्युर एलिझे'च घ्या. जवळजवळ सगळे पहिला, ओळखीचा भाग वाजवतात आणि मधला अवघड भाग आला की पुन्हा सुरुवातीला येतात. मी आधी हे अर्धवटपणाचं लक्षण म्हणून टिपून ठेवलं होतं. आता वाटतं, दहा मिनिटांच्या फटीत एवढंच बसतं.

गळ्याचा मुद्दा जरा उलगडून सांगते, कारण खरा वाद तिथे आहे. समजा बाबा काळी एकमध्ये गातात आणि मुलगी काळी चारमध्ये. वाजवणाऱ्या आईला पांढरी एकमध्येच हात बसलेला आहे. ती कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबून उणे चारवर नेते. बोटं पांढरी एकचीच, आवाज मात्र काळी चारचा. शिकवणारे बरेच जण याला सरळ 'चीटिंग' म्हणतात. बाराही सुरांवरून स्केल वाजवता आली पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं शिक्षण म्हणून चूक नाही. पण त्या बटणामुळे घरात कुणीतरी गायला लागलं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही.

हे ऐकून तुम्हाला पेटीची गोष्ट आठवली नसेल तर मी आठवण करून देते. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. रवींद्रनाथांना ती नको होती, आकाशवाणीवर काम केलेले ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीही तिच्यावर कडक टीका केली होती. आक्षेप पोकळ नव्हता. पट्टीच्या वाद्यात सप्तकाचे बारा समान तुकडे असतात. तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर, पट्टीवरचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंटचा फरक सरावलेल्या कानाला टोचतो. मींड तर नाहीच. पण या काळात पेटी थांबली का? भजनात, नाट्यसंगीतात, घरोघरी ती चालूच राहिली. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे तर उत्तम पेटी वाजवायचे, आणि त्यांच्या वाजवण्याला 'हौशी' म्हणताना कुणी नाक मुरडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बंदी सुरांच्या शुद्धतेबद्दल बोलत होती. पेटी मात्र कुणाला गाता येतंय याची काळजी घेत होती. आज पेटीला मान मिळाला आणि तिची जुनी जागा ट्रान्सपोजच्या बटणाने घेतली, एवढंच.

'हौशी' हा शब्द मला म्हणूनच आवडतो आणि टोचतोही. हौसेला मोल नाही म्हणतात. वेळ मात्र लागतो, आणि तो घरात सगळ्यांना सारखा मिळत नाही. मला भेटलेल्या कितीतरी बायका म्हणाल्या, "लग्नाआधी वाजवायचे." एकाही पुरुषाने हे वाक्य म्हटलं नाही. फिनेगन सांगतात तशी वाट घरातूनच सुरू होते, हे बरोबर. पण तीच वाट घरातच अडूही शकते. त्या बायका कुठल्या गटात नाहीत, कुठल्या ग्रेडच्या यादीत नाहीत, आणि माझी पहिली प्रश्नावली तशीच राहिली असती तर माझ्या प्रबंधातही 'बीथोव्हेन' या एका शब्दापलीकडे उरल्या नसत्या.

ते तक्ते मी फेकलेले नाहीत. गाईडबाईंनी सांगितलं, ठेव, चुकलेला प्रश्नसुद्धा पुरावा असतो. आता त्यांच्या शेजारी दुसरा रकाना आहे: हेडफोन लावून काय वाजवता? तो भरायला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो, कारण आधी चहा होतो, मग "आपलं असंच" होतं, आणि मग कुठे चादर निघते.

मुलुंडच्या काकूंकडे मी परत गेले होते. भावगीतं लिहू का, म्हणून परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, "लिही. पण नाव नको." मग हेडफोनची पिन काढून त्यांनी एक कडवं मोठ्याने वाजवलं. आतल्या खोलीतून काका गुणगुणायला लागले. पट्टी थोडी उंच पडत होती. काकूंनी न बोलता बटण दोनदा दाबून सूर खाली घेतला.