‘गॉसिप गर्ल’ : निवेदिकेचा आवाज आणि निवेदकाचा हात

‘गॉसिप गर्ल’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ‘द सीडब्ल्यू’ या वाहिनीवर १९ सप्टेंबर २००७ ते १७ डिसेंबर २०१२ या काळात प्रक्षेपित झाली. सेसिली फॉन झीगेसार यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेची सहा पर्वे व १२१ भाग आहेत. न्यूयॉर्कच्या अप्पर ईस्ट साइड भागातील धनाढ्य कुटुंबांची शाळकरी मुले, त्यांचे वेष, मेजवान्या आणि प्रेमप्रकरणे हा तिचा बाह्य विषय होय. तिच्यावर नैतिक आक्षेपांचा भडिमार झाला. परंतु वाहिनीने २००८ साली ‘पेरेंट्स टेलिव्हिजन काउन्सिल’ या संस्थेचे आणि काही वृत्तपत्रांचे निषेधाचे शब्दच जाहिरातींवर छापून त्यांचा अलंकार केला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कृतीला धक्कादायक ठरवावे ती कृतीच जेथे विक्रीचा माल आहे, तेथे निव्वळ निषेध ही त्या मालाची भलावणच ठरते. म्हणून मालिकेत काय दाखविले आहे यापेक्षा ते कोण सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

सांगणारी आहे ती एक अनामिका. तिचे एक संकेतस्थळ आहे. कोणीही कोणाचेही गुपित तिच्याकडे पाठवावे आणि तिने ते क्षणार्धात सर्वांच्या भ्रमणध्वनींवर पोचवावे, असा तिचा व्यवहार. ग्रँड सेंट्रल स्थानकावर उतरलेल्या सेरेनाचे छायाचित्र कोणी तरी टिपून तिच्याकडे धाडते आणि कथेला आरंभ होतो. या निवेदिकेची नामकरणाची पद्धत लक्षणीय आहे. सेरेना, ब्लेअर, चक, नेट यांना ती केवळ आद्याक्षराने संबोधते. आद्याक्षर पुरे पडते ते तेथेच, जेथे पूर्ण नाव श्रोत्याला आधीच ज्ञात असते. ब्रुकलिनहून येणाऱ्या डॅन हम्फ्री याला मात्र आद्याक्षर नाही. त्याच्या वाट्याला ‘एकाकी मुलगा’ या अर्थाचे विशेषण येते, आणि त्याची बहीण जेनी हिच्या आद्याक्षरामागे ‘छोटी’ हा शब्द जोडला जातो. अशा रीतीने त्या वर्तुळातील प्रतिष्ठेची उतरंड नामांच्या व्याकरणातच कोरलेली आहे.

निवेदिकेच्या निरोपाच्या ठराविक वाक्यातही असाच एक सूक्ष्म डाव आहे. ‘तो परत आला हे तिला ठाऊक आहे’ आणि ‘तो परत आला हे तिला ठाऊक नाही’ या दोन्ही वाक्यांत तो परत आल्याची गोष्ट गृहीतच राहते. नकार पोचतो तो जाणिवेपर्यंत, वस्तुस्थितीपर्यंत नव्हे. निवेदिका श्रोत्याला त्याचे तिच्यावरील प्रेम नुसते सांगत नाही, ते त्याला ठाऊक असल्याचे सांगते. त्यामुळे नकार देऊ पाहणाऱ्यालाही प्रेमाचे कलम आधी मान्य करावे लागते. मालिकेतील मुले या वाक्याने ज्या प्रकारे बांधली जातात, त्याच प्रकारे पडद्यासमोरचा प्रेक्षकही बांधला जातो. तोही गुपिताची वाट पाहणारा, म्हणजे टेहळणीतला भागीदार होतो.

या भागीदारीची किंमत पहिल्याच भागात दिसते. चक बास हा प्रथम सेरेनावर आणि नंतर शाळेत नुकत्याच आलेल्या जेनीवर बळजबरी करू पाहतो. अफवेच्या परिभाषेत या घटनेला स्वतंत्र स्थान नाही; चोरट्या चुंबनाच्या आणि नव्या पोशाखाच्या बातमीच्या रांगेतच ती उभी राहते. प्रत्येक गोष्टीला ‘भानगड’ हे एकच माप लावले की अपराध आणि खोडी यांतील भेद पुसला जातो. पुढे हाच चक मालिकेचा प्रणयनायक बनतो. २०१० साली प्रक्षेपित झालेल्या एका भागात तो आपले हॉटेल परत मिळविण्यासाठी ब्लेअरचा सौदा करतो. तरीही कथेचा ओघ त्याच्या पश्चात्तापाकडे वळतो, तिच्या जखमेकडे नव्हे.

अखेरच्या भागात निवेदिकेचे रहस्य उलगडते : ती अनामिका म्हणजे डॅन. आवाज क्रिस्टन बेल या अभिनेत्रीचा, हात एका तरुणाचा. मराठीत ही बतावणी वारंवार करावी लागली असती, कारण ‘मी सांगते’ आणि ‘मी सांगतो’ यांतील एकाची निवड क्रियापदाला टाळता येत नाही. इंग्रजी क्रियापद येथे मूक राहते; लिंगाची साक्ष केवळ कंठ आणि टोपणनाव देतात, आणि दोन्ही खोटी निघतात. मुलीच मुलींच्या वैरिणी असतात हा समज पाच वर्षे ज्या आवाजाने जोपासला, तो आवाज उसना होता! ‘एकाकी मुलगा’ ही उपाधीही त्याने स्वतःलाच बहाल केलेली होती. ज्या जगात आपला जन्म झाला नाही त्यात स्वतःला लिहून घालण्याची ही त्याची धडपड, असे समर्थन कथा पुढे करते. सेरेना त्याला क्षमा करते आणि पाच वर्षांनंतरच्या दृश्यात त्याच्याशी विवाहबद्ध होते. ज्यांची गुपिते त्याने विकली त्यांत त्याची स्वतःची बहीणही होती, ही गोष्ट समर्थनाच्या ओघात मागे पडते.

त्याच भागात दुसराही विवाह आहे. चकच्या पित्याच्या मृत्यूला ब्लेअर साक्षी असते. पत्नीला पतीविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, या कायद्याच्या आधारासाठी दोघे घाईने लग्न करतात. ज्या कथेत कोणाचेही गुपित सुरक्षित नव्हते, तेथे अखेर कायद्याने जपलेले एकच मौन उरते, आणि ते स्त्रीचे असते. एका नायिकेला तिच्याविषयी लिहिणारा पती मिळतो, तर दुसरीला जिच्याविषयी बोलायचे नाही अशी साक्ष.

मालिका उपरोधगर्भ आहे, स्वतःच्या झगमगाटाला हसण्याची बुद्धी तिच्यापाशी आहे, हे नाकारता येत नाही. ब्लेअरचे चित्रण तर पुष्कळदा खरोखरच मार्मिक आहे. परंतु उपरोधाची कसोटी शेवटाला लागते, आणि हा शेवट उपहास करीत नाही, मंगलाष्टके म्हणतो. २०२१ साली आलेल्या नव्या ‘गॉसिप गर्ल’ मध्ये हे लेखन शाळेतील शिक्षकच करतात, आणि ते प्रेक्षकाला आरंभीच सांगितले जाते. रहस्य गेले तरी पाळत राहिलीच. फक्त तिने प्रेमाऐवजी शिस्तीचे नाव घेतले. एकदा प्रेम, एकदा शिस्त : पाळतीला नेहमीच एखादे आदरणीय नाव लागते. ते नाव कोणी दिले आणि त्याखाली कोणाचे बोलणे बंद झाले, हा प्रश्न विचारणे हेच अशा कलाकृतींच्या समीक्षेचे काम होय.