मैदानाचा स्वभाव आणि मैदानाची आरास

२४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांत टी-ट्वेंटी सामना झाला. पंधरा वर्षांची शेफाली वर्मा त्या दिवशी भारताकडून पहिल्यांदा खेळली आणि शून्यावर बाद झाली. दीप्ती शर्मानं चार षटकांत तीन निर्धाव टाकली आणि आठ धावांत तीन बळी घेतले. त्याच मालिकेत, त्याच मैदानावर, हरमनप्रीत कौरनं शंभरावा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना पूर्ण केला. तोवर भारताच्या एकाही खेळाडूनं, पुरुष असो की स्त्री, हा टप्पा गाठला नव्हता. मैदान लहान, डामडौल बेताचा. पण बसल्या जागेवरून खेळ दिसत होता. मैदानाकडून माझी पहिली अपेक्षा तीच आहे. नव्या स्टेडियमांचं कौतुक वाचताना मात्र ती कुठे तरी मागे पडते.

नवं स्टेडियम म्हटलं की आज ‘वेगळेपण’ मागितलं जातं. ते कुठून आलं, एवढं विचारलं तरी मला पुरतं. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये याचं फार स्वच्छ उदाहरण आहे. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२चं. त्याच्या डाव्या अंगाला रस्ता आडवा आला, जागा कमी पडली, म्हणून तिथे आज सुमारे अकरा मीटर उंचीची भिंत आहे. त्या भिंतीमुळे खेळाचे डावपेच बदलले आणि लोकांचा तिच्यावर जीव जडला. ह्यूस्टनमध्ये २०००साली नवं मैदान बांधताना मधल्या भागात मुद्दाम उतरती टेकडी केली आणि तिच्यावर, ऐन खेळाच्या जागेत, झेंड्याचा खांब रोवला. सिनसिनाटीच्या जुन्या मैदानात जमीन मुळातच चढती होती. टेकडी ही तिची नक्कल. धावत चेंडूमागे जाणाऱ्या खेळाडूचा पाय तिथे अडखळायचा. २०१६च्या हंगामानंतर ती काढून टाकली. अडचणीतून निघालेली वाट पुढे परंपरा होते; नक्कल केलेली अडचण खेळाडूंच्या पायात येते.

याच कसोटीवर आपली मैदानं पाहावीत. वानखेडे उभं राहिलं ते तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी झालेल्या वादातून. शशी प्रभू यांनी आराखडा केला, चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्यामधल्या रेल्वेला खेटून असलेल्या जागेत सुमारे वर्षभरात काम उरकलं आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे कसोटी खेळली गेली. जागेची टंचाई होती, म्हणून प्रेक्षक खेळाला बिलगून बसले. वानखेडेचा आवाज आला तो या दाटीतून. पुढे २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीचा विजयी षटकार जिथे पडला त्या खुर्च्यांवर खूण करण्यात आली. मला ती मनापासून आवडते, कारण चेंडू खरोखर तिथे पडला होता.

अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम हे या सगळ्याचं दुसरं टोक. १ लाख ३२ हजार माणसांची सोय. आराखडा पॉप्युलस या कंपनीचा. याच कंपनीनं, तेव्हाच्या नावानं, १९९२मध्ये बाल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स घडवलं होतं. तिथे रेल्वेचं जुनं विटांचं गोदाम न पाडता मैदानाच्या कडेला तसंच राहू दिलं. त्या मैदानाला शेजार आहे, अहमदाबादला आकार आहे. तरी अहमदाबादची एक गोष्ट अस्सल आहे: छताच्या कडेनं फिरणारं एलईडी दिव्यांचं कडं. चार मनोऱ्यांमुळे खेळाडूच्या चार सावल्या पडत, त्या गेल्या. दिसायला देखणी आणि खेळाला उपयोगी, अशी सजावट विरळाच. पण वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकाला चेंडू नीट दिसायला मोठा पडदा लागतो आणि पडदाच पाहायचा तर तो घरीही आहे. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९२,४५३ प्रेक्षक होते. भारताचे गडी पडू लागले तसं ते अवाढव्य मैदान गप्प होत गेलं.

त्याच विश्वचषकात दिल्लीला पाणी पिण्याच्या विश्रांतीत दिवे मालवून रंगीत प्रकाशाचा खेळ दाखवला गेला. त्या दिवशी चाळीस चेंडूंत शतक ठोकणाऱ्या ग्लेन मॅक्सवेलनं सांगितलं की त्यानं डोकं दुखतं, डोळ्यांना पुन्हा सरावायला वेळ लागतो. डेव्हिड वॉर्नर म्हणाला, प्रेक्षकांना ते आवडलं, आपण त्यांच्यासाठीच खेळतो. वॉर्नरचं म्हणणं मी सहज बाजूला सारणार नाही. बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर त्या दिव्यांनी हरखणारच. तरीही मैदानात माणसाला रमवायची जबाबदारी खेळावर असावी, दिव्यांवर नको. प्रेक्षकांचं इतकंच मनावर घ्यायचं असेल तर आधी पाणी द्यावं. ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्याजवळच्या गहुंज्याला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचं पाणी मिळेना आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. मायकेल हॉपकिन्ससारख्या नामवंत वास्तुरचनाकाराच्या कार्यालयातून आलेलं ते मैदान आहे.

वाराणसीच्या नव्या स्टेडियमची पायाभरणी २०२३मध्ये झाली. त्याच्या आराखड्यात छत चंद्रकोरीसारखं, दिव्यांचे खांब त्रिशूळासारखे, दर्शनी भागावर बेलपत्रं. छतानं सावली दिली तर चंद्रकोर सार्थकी लागेल. त्रिशूळाचा मात्र आत बसलेल्याला काय उपयोग, हे मला समजत नाही. भीती वाटते ती सुरतेची. इथे मोठं स्टेडियम बांधायचं ठरलं, की कुणीतरी हिऱ्याच्या आकाराचं चित्र घेऊन येईल आणि ते लगेच पसंत पडेल.

सुरतेला त्याची गरज नाही. ९ नोव्हेंबर २०२५ रोजी इथल्या पिठावाला मैदानावर मेघालयाच्या आकाश चौधरीनं अरुणाचल प्रदेशाविरुद्ध लागोपाठ आठ षटकार मारले आणि अकरा चेंडूंत अर्धशतक केलं. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये इतकं वेगवान अर्धशतक दुसरं नाही. ते आठ चेंडू जिथे पडले तिथे आठ छोट्या पाट्या लावाव्यात. खर्च नगण्य, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मैदानाला ते जमायचं नाही.

बाकी मागण्या साध्या आहेत. उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कुणी मागावर, कुणी कापड बाजारात. या माणसाला परवडेल असं तिकीट हवं, आणि ते सर्वांत लांबच्या कोपऱ्यातलं नसावं. एप्रिल-मेच्या सामन्यांसाठी पश्चिमेचं ऊन अडवणारं छत हवं. खाण्याच्या गाड्यांवर लोचो आणि वडापाव शहरातल्याच भावात मिळावेत. सामना संपल्यावर उधन्याकडे जाणारी बीआरटीएसची बस उभी असावी, कारण सकाळच्या पाळीला त्याला मागावर हजर व्हायचं असतं.