नैराश्यावरील उपचार : व्यायाम आणि औषध यांच्या तुलनेची चिकित्सा

प्रस्तावना

'व्यायाम हा औषधाइतकाच गुणकारी' हे विधान गेल्या पाव शतकात वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतून वारंवार वाचावयास मिळते. अध्यापनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांशी बोलताना त्याचा परिणामही जाणवतो. 'गोळ्या बंद करून पळायला सुरुवात केली तर चालेल का?' असा प्रश्न वर्गानंतर एखादा विद्यार्थी हळूच विचारतो, तेव्हा हे विधान केवळ अभ्यासाचा विषय राहत नाही. ज्या संशोधनाच्या आधारे ते केले जाते, त्या संशोधनाने नेमके काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ अभ्यास आणि त्याच्या मर्यादा

या चर्चेचा पाया म्हणून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल व सहकाऱ्यांनी केलेला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगितला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्त व्यक्तींची तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध व तिसऱ्याला दोन्ही उपचार देण्यात आले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र औषधाचा परिणाम सुरुवातीच्या काळात अधिक लवकर दिसून आला, ही बाब लोकप्रिय लेखनात सहसा वगळली जाते.

२००० मध्ये याच सहभागींचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. उपचाराअंती बरे झालेल्यांपैकी दहाव्या महिन्यापर्यंत पुन्हा आजारी पडलेल्यांचे प्रमाण व्यायाम गटात ८ टक्के, औषध गटात ३८ टक्के आणि संयुक्त गटात ३१ टक्के होते. हे आकडे प्रभावी आहेत. परंतु सोळा आठवड्यांनंतर कोणता उपचार चालू ठेवावा हे सहभागी स्वतः ठरवीत होते. ज्यांना बरे वाटते तेच व्यायाम चालू ठेवू शकतात. त्यामुळे व्यायामाने माणूस बरा राहिला की बरा राहिल्यामुळे त्याचा व्यायाम टिकला, हे या पाठपुराव्यावरून निश्चित सांगता येत नाही.

मूळ अभ्यासातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात प्लासिबो गट, अर्थात औषधी घटक नसलेली गोळी घेणारा गट नव्हता. दोन उपचार सारखे ठरले याचे दोन अर्थ संभवतात : दोन्ही उपचार प्रभावी होते, किंवा काळ, अपेक्षा आणि मिळालेले लक्ष यांनीच बराचसा परिणाम साधला. शिवाय व्यायाम गटातील व्यक्ती आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडून इतरांच्या सहवासात येत होत्या. एकाकीपणा हा नैराश्याचा सोबती असल्याने या सहवासाचा वाटा व्यायामापासून वेगळा काढणे कठीण आहे.

ही उणीव त्याच संशोधकांनी २००७ मधील अभ्यासात दूर केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. यावेळी २०२ व्यक्तींचे चार गट होते. देखरेखीखालील व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के, घरी व्यायाम करणाऱ्यांपैकी ४० टक्के, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के व्यक्ती आजारातून बाहेर आल्या. तथापि, नैराश्याच्या मापनश्रेणीवरील गुणांमध्ये सक्रिय उपचारांचे गट आणि प्लासिबो गट यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजेच बरोबरी कायम राहिली, पण तिचे मोल कमी झाले.

नंतरचे पुरावे

२०१३ च्या कोक्रेन समीक्षेत ३९ अभ्यास व २,३२६ सहभागींची माहिती एकत्र करण्यात आली. व्यायामाचा परिणाम मध्यम स्वरूपाचा दिसला, परंतु पद्धतिशास्त्रीयदृष्ट्या काटेकोर अशा मोजक्याच अभ्यासांचा विचार करता तो बराच घटला. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ अभ्यासांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात चालणे वा धावणे, योग आणि स्नायुबलवर्धक व्यायाम उपयुक्त ठरले, तरीही बहुतेक अभ्यासांचा दर्जा मर्यादित असल्याचे त्यात नोंदविले आहे.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील ३६१ रुग्णांचा अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. नेहमीच्या उपचारांना शारीरिक हालचाल वाढविण्याच्या मार्गदर्शनाची जोड दिली असता हालचाल वाढली, पण नैराश्य अधिक कमी झाले नाही. 'व्यायाम करा' हा सल्ला आणि प्रत्यक्ष देखरेखीखालील व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

२०२३ मधील नेदरलँड्सच्या अभ्यासात नैराश्य वा चिंताविकार असलेल्या १४१ व्यक्ती होत्या आणि बहुतेकांना उपचार निवडण्याची मुभा होती. बरे होण्याचे प्रमाण औषध व धावणे या दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के होते. शारीरिक आरोग्यात धावणारा गट सरस ठरला. परंतु उपचार नेमाने पाळणाऱ्यांचे प्रमाण औषध गटात ८२ टक्के, तर धावणाऱ्यांत ५२ टक्के होते. ज्या आजारात अंथरुणातून उठणेच जड जाते, त्या आजारावर रोज उठून धावण्याचा उपचार सुचविण्यातील अडचण या आकड्यांत स्पष्ट होते.

आपल्या संदर्भातील विचार

गोव्यात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात नैराश्यविरोधी औषध दोन महिन्यांनंतर प्लासिबोपेक्षा प्रभावी ठरले होते. पुढे २०१७ मध्ये गोव्यातीलच प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी रुग्णांना अर्थपूर्ण कृतींकडे वळविले असता तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा रूढ अर्थाने व्यायाम नव्हे. पण कृती आणि तिच्यासोबत कोणाची तरी साथ, या दोहोंचे मोल त्यातून दिसते.

आपल्याकडील शेतमजूर स्त्री दिवसभर राबते. तिला व्यायाम सुचविणे क्रूर थट्टेसारखे ठरेल. श्रम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांत शरीराची हालचाल सारखी असली तरी मोकळीक सारखी नसते. उपरोक्त प्रमुख तुलना बहुतांशी पाश्चात्त्य नागरी समाजातील आहेत, हे विसरून चालणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ नुसार नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या. ज्यांना यांपैकी एकही उपचार मिळत नाही, त्यांच्यासाठी 'व्यायाम की औषध' हा वाद दुय्यम आहे.

निष्कर्ष

सौम्य व मध्यम नैराश्यात नियमित, सोबतीने केलेला व्यायाम हा उपचाराचा समर्थनीय मार्ग आहे. तीव्र नैराश्यात वा आत्महत्येचे विचार येत असताना केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. औषध अचानक थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश अशी लक्षणे उद्भवू शकतात व आजार परतू शकतो. म्हणून तो निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयास हवा. 'इतकाच गुणकारी' या शब्दप्रयोगाचा आणखी एक दुष्परिणाम संभवतो. जो धावू शकत नाही तो आळशी, असा दोष रुग्णाच्या माथी येतो. वर्गानंतर थांबलेल्या त्या विद्यार्थ्याला म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते : अवश्य पळ, शक्य तर कोणाला तरी सोबत घेऊन पळ, पण गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांशी बोल, आणि एखाद्या दिवशी पळता आले नाही, तर तो तुझा दोष मानू नकोस.